पाखरांच्या वाट्याचा कहू

६ ऑक्टोबर, रविवार

नेम चुकला. कोतवालाला मारायचं नव्हतंच, नुसतं उडवायचं होतं. पण मातीचा गोळा त्याच्यापासून दोन हात लांबून गेला आणि तो जागचा हलला नाही. शेपटी तेवढी खालीवर केली. पाच वर्षं नागपुरात दर रविवारी दुर्बीण घेऊन अंबाझरीवर फिरले, एकशे ऐंशी पक्ष्यांची यादी केली, आणि आता त्याच पक्ष्यांवर गुलेल! ग्रुपमधल्या कोणी पाहिलं तर नाव कापतील.

पण करणार काय. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, एकेचाळीस झाडांवर बाबांच्या टसर रेशमाच्या कोशाच्या अळ्या आहेत — हिरव्यागार, अजून करंगळीएवढ्या — आणि प्रत्येक चोचीला त्याच हव्यात. दर साली या दिवसांत बाबा इथेच असतात, तलावाच्या पारीखाली (बांधाला इथे पार म्हणतात), खोपडीत. या साली ते घरी खाटेवर आहेत. मागच्या नोव्हेंबरात इथे पारीवरच लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली, बहुतेक पीक पाखरांनी नेलं. बियासाठी आढ्याला टांगायला फक्त बासष्ट कोसे उरले. पावसाळ्यातलं पीक शेजारच्या डोमाकाकाने कसंबसं सांभाळून दिलं. आता त्याच्या स्वतःच्या झाडांवर माल आहे.

हे बी बाबांच्या आजोबांपासून घरात चालत आलंय. बाजारात दुसरं मिळतं, पण बाबा त्याला "परक्याची लेकरं" म्हणायचे. या वेळी कोसे झाले नाहीत तर आमचं बी संपलं. म्हणून लॅबमधून दोन महिने बिनपगारी सुट्टी. साहेब म्हणाले, अळ्यांसाठी सुट्टी मागणारी तू पहिलीच.

पारीवर आज: कुरडू, पांढरा-गुलाबी, कमरेएवढा. तरोट्याच्या शेंगा वाळायला लागल्या. पाण्यावर पोवनाची पांढरी फुलं आणि त्यांच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी. त्याला अळ्या नको असतात. सज्जन आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

नियम लिहून ठेवते, म्हणजे किती मोडले ते कळेल. कोशाच्या रखवालदाराने केस कापायचे नाहीत. तेल लावायचं नाही. मासळी-मटण नाही (आम्ही धीवर, आणि दोन महिने मासळी नाही!). खाटेवर निजायचं नाही. आंघोळ करूनच झाडांत शिरायचं. आणि बाईने झाडांत पाऊल टाकायचं नाही.

पहिले पाच पाळतेय. सहाव्याचं काय करू? पुरुष होऊन येऊ? बाबांचा सदरा घालते, तेवढंच.

माय डबा आणते, पण हद्दीवरच्या पळसापर्यंतच. तिथे ठेवते, माझ्याकडे न बघता परत फिरते. लहानपणापासून तिला तशीच पाहिलीय, पळसाच्या पुढे पाऊल नाही. मी इथे येते म्हणून आठ दिवस धड बोललेली नाही. डब्याबरोबर एक पिशवी मात्र रोज येते — गुलेलीसाठी मातीचे गोळे, उन्हात वाळवलेले, सगळे एकसारखे, बोराएवढे. राग आहे आणि गोळेही आहेत. माझी माय म्हणजे अशीच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज एक शहाणपणाचं काम केलं. रांगेच्या शेवटी, पार वळते तिथे, एकटा कहू आहे. लोक त्याला अर्जुन म्हणतात. त्यावरही बाबा अळ्या सोडायला लावत. या वेळी डोमाकाकाने सोडल्या. खोपडीतून तो दिसतही नाही. तिथे टकाचोर नुसते पंगतीला बसल्यासारखे बसलेले! बाबांची सवय असेल, किंवा आळस. मी अळ्यांसकट डहाळ्या कापल्या आणि मधल्या झाडांवर नेऊन बांधल्या. साठेक अळ्या वाचवल्या.

डोमाकाका लांबून बघत होता. काही बोलला नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

डोमाकाका बोलला. दसरा झाला म्हणून सोनं द्यायला गेले, तर हात पुढे न करता म्हणाला, "बाई, मी काही बोलत नाही. तुह्या बापाचा माल आहे. पण माह्या झाडाखालून नको जाऊ."

सोनं दगडावर ठेवून आले. आता घरी जायचं तर त्याची झाडं टाळून बेशरमाच्या गचपणातून जावं लागतं. दाढी छातीपर्यंत आलीय त्याची. नियमाचा पक्का माणूस. आणि एक विचित्र सवय — त्याच्या मचाणावर बसतो ते दुपारभर आमच्या झाडांकडे पाठ करून. मी बाई आहे म्हणून असेल. बसू दे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासून पारीवर चौदा फेऱ्या. बसवतच नाही. बसले की वाटतं, दुसऱ्या टोकाला काहीतरी खातंय. धावत गेले की पहिल्या टोकाला पंख वाजतात.

पाहिले: कोतवाल ६, साळुंक्या १५, हळद्या २, भारद्वाज १, राखी कोहकाळ १ — हा मी यादीत पहिल्यांदाच लिहिला! तीन वर्षं शोधत होते. दिसला तेव्हा त्याच्या चोचीत बाबांची अळी होती. आनंदाने यादीत लिहिला आणि त्याच हाताने त्याला उडवायला पत्र्याचा डबा बडवला.

२० ऑक्टोबर, रविवार

काहीतरी चुकतंय. पाखरं आता मधल्या झाडांत शिरलीत. आधी कडेनेच असायची. टकाचोरांची टोळी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, घर बदलल्यासारखी. खाटीकही आलाय, बोराटीच्या काट्यावर आमची अळी टोचून ठेवलेली सापडली, उद्याच्या जेवणासाठी. एकाच दिवसात चौथं आणि नववं झाड जवळजवळ रिकामं. गुलेलीने अंगठा सुजलाय. नेम अजून नाही.

रडले. इथेच लिहिते, कोणाला सांगणार नाही.

२१ ऑक्टोबर

तिसरं झाड.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज माय पळसाशी थांबली. मी डबा उचलला तरी गेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, झाडांकडे बघत म्हणाली, "त्या शेवटच्या कहूवरच्या अळ्या काहून उचलल्या?"

मी म्हटलं, पाखरं खात होती म्हणून.

"मंग? तो पाखरायचाच आहे. त्याईले त्याईचं झाड नाही भेटलं, त ते तुह्या झाडावर येणारच."

आणि गेली. मी पोळी हातात घेऊन उभी. पाच वर्षं पक्षी बघितले, कोण काय खातं ते पाठ आहे, पण त्यांच्या वाट्याचं ताट उचललं की ते आपल्या ताटावर येतील एवढं साधं कळलं नाही. साठ अळ्या वाचवायला गेले आणि तीनशे घालवल्या. दुर्बिणीला जवळचं दिसत नाही म्हणतात ते खरं.

संध्याकाळी मायला विचारलं, तुला कसं कळलं कहू रिकामा आहे ते? पळसापासून तर तो दिसत नाही. म्हणाली, डोमानं सांगितलं. वाट्याच्या झाडाची गोष्ट तुह्या बाबानं सांगितली होती. भाकरी थापत होती, वर बघितलं नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

चाळीस अळ्या मोजून कहूवर सोडल्या. आपल्या हाताने वाढायचं आणि "खा" म्हणायचं. टकाचोर अर्ध्या तासात हजर.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

चार दिवस मधल्या झाडांवर फक्त कोतवाल आणि एखादी साळुंकी. बाकी सगळी जत्रा कहूवर. तिथे बसून दुर्बिणीने मनसोक्त बघता येतं, हे तर बोनस. अळ्या निजल्यात — कात टाकायच्या आधी दीड-दोन दिवस खात नाहीत, डोकं वर करून नुसत्या धरून बसतात. मलाही तसं बसता आलं तर काय हवं.

हलका धान कापून झाला. धानाच्या बांधीत ओल आहे तोवर लाखोरी पेरतायत. पारीवरचा कुरडू वाळला, हात लावला की काळं बी झरतं.

२ नोव्हेंबर, शनिवार

आली! तलवार बदकं, अकरा. पहाटेच्या धुक्यात आवाज आधी आला. पारीवर उभी राहून नाचले. डोमाकाकाने पाहिलं असणार. पाहू दे.

दुपारी बाबांना फोनवर फोटो दाखवला. मान हलवली, पण नजर फोटोच्या बाजूला कुठेतरी. लकव्याने डोळ्यांवरही परिणाम झाला असेल.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पाळी आली. घरात कळलंच, एका न्हाणीघरात काय लपतं. माय दारात आडवी उभी राहिली. आज झाडांत जायचं नाही म्हणे. मी म्हटलं, अळ्या मला विचारून खातात का? पाखरं पंचांग बघून येतात का? दोन झाडांची अळी आता बोटाएवढी जाड झालीय, आजच मी घरी बसू?

ती ओरडत नाही कधी. हळू बोलते आणि तेच लागतं. "तुह्या बाबाचं आणखी काय व्हाचं राह्यलं आहे?"

मी तिच्या हाताखालून निघून गेले. वाटभर तणतणत. मागच्या साली तर मी इथे नव्हते! मग बाबांचं जे झालं ते माझ्या पाळीने झालं का?

पुष्पाबाई, शेजारच्या, दुपारी सांगायला आल्या — माय तडक मावशीकडे दिघोरीला निघून गेली. उद्या सकाळी देवीला नारळ फोडणार, परवा येणार. तोवर बाबांजवळ दिवसा पुष्पाबाई, संध्याकाळी मी.

दिवसभर भीती वाटत राहिली, हे खोटं कशाला लिहू. प्रत्येक वेळी घराच्या बाजूने कोणी येताना दिसलं की नेम सोडून पळसापर्यंत जायचे. कोणी वाईट बातमी आणली नाही. पाखरं नेहमीसारखी. चक्रवाकाची जोडी पलीकडच्या काठाला, शेंदरी.

संध्याकाळी बाबांना पेज देत होते. त्यांनी उजव्या हाताने वाटी धरली! निम्मी सांडली अंगावर, पण धरली. एका वर्षाने. पुष्पाबाई साक्षीला. आम्ही दोघी रडलो आणि बाबा आमच्याकडे वैतागून बघत होते, की पेज द्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

माय आली. बाबांनी तिच्यासमोर पुन्हा वाटी धरली. ती तिथेच खाली बसली. मग नारळाचा प्रसाद आधी त्यांना, मग पुष्पाबाईंना, मग मला. नारळ पावला म्हणे. पुष्पाबाई परवाच्या वाटीचं सांगायला तोंड उघडत होत्या, मी डोळ्याने गप्प केलं. कधी नव्हे ती माय खूश होती. श्रेय नारळाला गेलं तर माझं काय जातं?

११ नोव्हेंबर, सोमवार

शेवटचे दिवस. चौथ्यांदा, शेवटची कात टाकून खायला लागल्यात. झाडाखाली उभं राहिलं की पानं कुरतडल्याचा आवाज ऐकू येतो. आणखी आठ-दहा दिवस. मग कोसा विणतील आणि मी झोपेन. अळी आता एवढी मोठी आहे की टकाचोराला एक पुरते. पण हाव कोणाला पुरते? कहूवर आणखी वीस सोडल्या.

१३ नोव्हेंबर

अंग मोडून आलंय. कपाळ तापलेलं. जाणारच.

१७ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस तापात पडून होते. एकशे तीन. माय म्हणाली, पडून राह्य. उठायला गेले की भिंत गोल फिरायची. पुष्पाबाई बसून होत्या, तांदळाची पेज पाजत होत्या. माय कुठंय विचारलं की म्हणायच्या, धान कापायले गेली. तिन्ही दिवस धान! आणि मला झोपेत फक्त टकाचोर दिसायचे.

आज उठले आणि पहाटेच निघाले. बेशरमाच्या वाटेने धावताना मनाशी म्हणत होते, एक झाड जरी उरलं असलं तरी पुरे.

सगळी होती. सगळी झाडं, अळ्यांसकट. वीस-पंचवीस अळ्यांनी पानं ओढून कोसा विणायला घेतला होता. खाली जमिनीवर, प्रत्येक झाडाच्या बुडाशी मातीचे गोळे, बोराएवढे, फुटलेले. जिथे फांदी पुढे येते, जिथे टकाचोर बसतोच, नेमके तिथे. माझे गोळे तलावात जातात. हे माझे नव्हते.

डोमाकाकाच्या हद्दीशी जाऊन उभी राहिले. पाय पलीकडे टाकला नाही. विचारलं, तीन दिवस कोण होतं इथे?

"मले काही दिसलं नाही. मी इकडे पाठ करून बसलो होतो."

मी तशीच उभी. त्याने दाढी खाजवली. मग म्हणाला, "दरसालच बसतो."

किती वर्षांपासून?

"तुह्या बाबाले झाडावरची अळी दिसेनाशी झाली तवापासून. सात साल झाले असतील. तो खोपडीत बसे, रखवालदार म्हणून. पाखरं उडवे ते दुसरंच कोणी."

परत येऊन येनाखाली बसले. सात वर्षं. त्यातली पाच मी नागपुरात पक्ष्यांची नावं पाठ करत होते, आणि बाबांचे डोळे गेलेत हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझी लाज वाटली. आणि पळसापर्यंत येणारी ती बाई!

१८ नोव्हेंबर, सोमवार

मायला काही विचारलं नाही. पण आता दिसतंय. ती दर थोड्या वेळाने बाबांच्या खाटेशी जाते, नाकासमोर बोट धरते, श्वास लागला की परत कामाला. भात उतू गेला तिचा, कधी जात नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

शेवटच्या अळ्याही विणायला बसल्या. पाखरांना आता काही दिसत नाही, नुसते करडे कोसे लोंबतायत. कहूच्या अगदी शेंड्यावरही सात-आठ झालेत. इतक्या पंगती उठूनही ते उरले. तलावावर बदकं शंभरावर, मोजणं सोडलं. पारीवर चालताना हाताला काम नाही, तरी गुलेल खिशात आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी अंगणात माय गोळ्यांची उरलेली माती भिजवून सारवत होती. शेजारी बसले आणि सरळ म्हटलं, मला कळलंय. तुझा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे.

हसली नाही. हात थांबला फक्त.

"मागल्या साली त्या दिवशी मी बाहेरची होती," म्हणाली. "सहा साल ते दिवस पाळले. मागल्या वेळी पाखरं लई होते, म्हणून तशीच झाडात गेली. सांजले परतली त तुहा बाबा पारीवर पडलेला. म्या केलं ते."

एक वर्ष! एक वर्ष ती त्या खाटेभोवती हे घेऊन फिरतेय. माझ्यावर राग नव्हताच. मी पण तेच करीन आणि बाबांचं उरलंसुरलंही जाईल, याची भीती. तरीही माझ्या तापात ती गेली, बी वाचावं म्हणून. आणि मग नाकासमोर बोट धरत बसली.

म्हटलं, माय, पाळीने लकवा होत नाही. मी लॅबमध्ये काम करते, रक्ताचा दाब, गाठ, सगळं समजावलं. ती ऐकत होती, पण जसं शहाण्या लेकीचं ऐकतात तसं. शेवटी म्हणाली, "नारळ फोडला म्हणून तरी हात हालला."

तेव्हा मला ही वही आठवली.

२४ नोव्हेंबर, रविवार

मायला पाच तारखेचं पान वाचून दाखवलं. सकाळची पाळी, दारातलं भांडण, झाडांत काढलेला दिवस, संध्याकाळची वाटी. तारीख तीनदा विचारली. नारळ फुटला सहाला, हात हलला त्याच्या आदल्या दिवशी. मग तिने पुष्पाबाईंना हाक मारून विचारलं, आणि मग पुन्हा वाचायला लावलं.

आज कोसे तोडायचे होते. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि भर दुपारी निघाली — पळस ओलांडून, डोमाकाकाच्या झाडांखालून. मी मागे. कहूपाशी थांबून म्हणाली, इथले तोडू नको.

डोमाकाका मचाणावर होता. आमच्याकडे तोंड करून.